‘मार्कर नॉर्मल’च्या कागदावर विसंबू नका

शिबिरातल्या पॅकेजमध्ये हल्ली ‘कॅन्सर मार्कर’ असतोच. लोकांना वाटतं, किडनीचंही त्यात आलं. नाही आलं! पीएसए असेल तर तो प्रोस्टेटचा. किडनीच्या कॅन्सरसाठी सरसकट करावी अशी एकही मान्य रक्तचाचणी आज नाही.

हार्मोनचं म्हणाल तर शास्त्र खोटं नाही. लाल पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन मुख्यतः किडनीच बनवते. काही गाठी ते जास्त सोडतात, मग हिमोग्लोबिन चढतं. पण या रुग्णांत उलट ॲनिमियाच जास्त दिसतो! शिवाय फुप्फुसाच्या जुनाट आजारातही हे हार्मोन वाढतं. मग त्या आकड्यावरून कुणाला घाबरवणार, कुणाला निर्धास्त करणार?

निर्धास्त केलेल्यांचीच मला जास्त काळजी वाटते. लघवीतून रक्त गेलं, दुखलं मात्र नाही, की ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पिणारे आपल्याकडे कमी नाहीत. अशा माणसाच्या हातात ‘मार्कर नॉर्मल’चा कागद दिला, की तो सोनोग्राफीला कशाला जातोय? आणि किडनीच्या गाठी तर बऱ्याचदा सोनोग्राफीत किंवा सीटीतच सापडतात, तेही दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या.

संशोधन चालू द्या की, बिल कशाला आत्ताच फाडता?

शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी लॅबवाल्याला एवढंच विचारावं: हा मार्कर नेमका कुठल्या कॅन्सरचा? उत्तर लेखी घ्या.