‘व्यसन – नाही’ : एक अपुरी नोंद

काही वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातील पन्नाशीच्या एक भगिनी जुनाट कासासाठी आमच्याकडे येत असत. रुग्णपत्रिकेत आम्ही ‘व्यसन – नाही’ असे लिहिले आणि सितोपलादी, वासावलेह देत राहिलो. पुढे छातीची तपासणी करविली, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग निघाला. त्यानंतर विचारपूस केली असता कळले की, सासरे व यजमान दोघेही विडी ओढणारे. पावसाळ्यात दारे-खिडक्या लावलेल्या एकाच खोलीत तो धूर त्यांनी तीस वर्षे घेतला होता. चुलीचा धूर निराळाच. एका रुग्णापुरते अमुकच कारण, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. परंतु प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता, ही चूक आमची.

दुसऱ्याच्या धुराचा हा धोका नवा नाही. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांचे पती सिगारेट ओढत असतील, तर त्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू वाढतात, हे जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी १९८१ साली दाखविले. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हा धूर निश्चित कर्करोगकारक म्हणून प्रसिद्ध केला. अशा सहवासाने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो, असे मानले जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ३८.७ टक्के प्रौढ भारतीय घरातच या धुराच्या संपर्कात येत असल्याचे आढळले.

‘धूमपान तर आयुर्वेदातही आहे,’ असे रुग्ण आम्हांस ऐकवितात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात धूमपान आहे हे खरे. पण ते औषधी द्रव्यांचे, नियत काळी व नियत मात्रेत करावयाचे. तंबाखू तर पोर्तुगीजांबरोबर या देशात आली. शिवाय त्या औषधी धूमासही तेथे गर्भिणी अनर्ह सांगितली आहे. मग निपाणीकडील तंबाखूच्या विडीचा धूर घरातील गर्भिणीने रोज का सोसावा?

निदानपरिवर्जन हा आपल्या चिकित्सेचा पाया आहे. हेतूच विचारला नाही, तर परिवर्जन कशाचे करणार? म्हणून वैद्यबंधूंना आमची विनंती आहे की, रुग्णपत्रिकेत दोन प्रश्न घालावेत : घरात कोण ओढतो? कोठे बसून ओढतो? ओढणाऱ्यास पुढील खेपेस सोबत बोलवावे. खिडकी उघडल्याने वा पंखा लावल्याने धूर पुरता जात नाही, घरात ओढणे बंद करणे हाच उपाय, हे त्यास स्पष्ट सांगावे. औषधी दुकानदारांनी ‘तंबाखूविरहित’ वनस्पतींच्या सिगारेटी आरोग्यदायी म्हणून मांडू नयेत. कोणतेही पान जाळले तरी डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतातच.

२००३ च्या कायद्याने व २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी केली. घराच्या उंबऱ्याआत मात्र ती बंदी पोहोचत नाही. तेथे घरच्या वैद्याचा शब्द अजून चालतो. तो वेळेवर उच्चारला जावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.