हें कोणीं ऐकलें?

गेल्या कांहीं महिन्यांत आमच्याकडे घरगुती आठवणींचे लेख पुष्कळ येऊं लागले आहेत. कोणी पणजोबांच्या काशीयात्रेची हकीकत लिहितो, कोणी माहेरच्या वाड्याची. हेतु उत्तम; पण बहुतेक लेखांत एक गोष्ट आम्हांस खटकते. लेखक कादंबरीकाराप्रमाणें प्रसंग रंगवितो, पात्रांच्या तोंडीं भाषणें घालतो, आणि वर 'ही अक्षरशः घडलेली हकीकत आहे' असें बजावतो. आपल्या जन्मापूर्वीं बंद खोलींत दोघांचें झालेलें बोलणें आपण ऐकलें तरी कोठून, हा प्रश्न त्यास पडत नाहीं.

म्हणून खरी हकीकत गोष्टीसारखी लिहूंच नये, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. वंशावळीप्रमाणें नुसतीं नांवें व सालें लिहिलीं तर तीं घरचीं मुलेंहि वाचणार नाहींत. प्रसंग डोळ्यांपुढें उभा करणें, आधीं काय व मागाहून काय सांगावें हें ठरविणें, शंभर तपशिलांतून नेमका एक उचलणें, ही विद्या कादंबरीकारापासून अवश्य घ्यावी. वरसईचे विष्णुभट गोडसे ह्यांच्या 'माझा प्रवास' ह्या ग्रंथांत ती आहेच. घरचें कर्ज फेडण्यापुरतें द्रव्य मिळवावें म्हणून हे भिक्षुक उत्तरेस गेले आणि सत्तावनच्या धामधुमींत सांपडले. झांशी पडली तेव्हां ते त्याच शहरांत होते. पुढें काल्पीच्या वाटेवर राणी लक्ष्मीबाई त्यांना विहिरीपाशीं भेटली. भटजी तिच्यासाठीं पाणी काढूं लागले, तों तिनें त्यांना थांबविलें, आणि मातीच्या मडक्यानें आपणच पाणी काढून ती ओंजळीनें प्यायली. तिच्या तोंडचे चार शब्दहि तेथें आहेत. पण वाचकाच्या मनांतून जात नाहीं तें मडकें.

हें सर्व त्यांनीं सुमारें पंचवीस वर्षांनंतर आठवून लिहिलें. राणीचें बोलणें शब्दशः असेंच होतें, असें शपथेवर कोण सांगेल? ग्रंथांत ऐकीव मजकूर पुष्कळ आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकांनीं त्यांत चुकाहि दाखविल्या आहेत. परंतु विहिरीच्या कांठीं भटजी स्वतः उभे होते, आणि पाहिलेल्या गोष्टीची कळा ऐकिलेल्या गोष्टीला येत नाहीं. गंमत अशी, कीं चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं हा ग्रंथ छापला तो भाषा व मजकूर ठिकठिकाणीं फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम तो दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केला. मधलीं एकूणसाठ वर्षें लोक सुधारलेले भटजीच वाचीत होते! वैद्यांचा हेतु वाईट नव्हता. अशा कामांत हेतु बहुधा चांगलाच असतो.

त्याच १९६६ सालीं तिकडे अमेरिकेंत ट्रूमन कपोटी ह्यांचें 'इन कोल्ड ब्लड' पुस्तकरूपानें निघालें. कॅन्सस संस्थानांतील एका शेतकरी कुटुंबांतल्या चौघांचा १९५९ सालीं खून झाला, त्याची ही हकीकत. ग्रंथकारानें वर्षानुवर्षें चौकशी करून ती कादंबरीच्या घाटांत बसविली आणि तींतील सर्व कांहीं खरें आहे असा दावा केला. परंतु शेवटचा दफनभूमींतला शांत प्रसंग त्यानें मनानेंच रचला होता, हें पुढें उघडकीस आलें. दोघां गुन्हेगारांच्या फांशीवर पुस्तक संपविणें त्याला नको वाटलें. आम्ही त्याला फार दोष देत नाहीं, कारण हाच अपराध आमच्या हातून घडलेला आहे.

आमचे आजोबा १९४३ सालीं परगांवीं वारले आणि घरीं तार आली. पुढें पुष्कळ वर्षांनीं घरच्या आठवणी वहींत उतरवितांना आम्हीं लिहिलें, कीं वार्ता ऐकतांच आजीनें हंबरडा फोडला व तुळशीवृंदावनाला मिठी मारली. तसें कोणीं सांगितलें नव्हतें. तसेंच झालें असणार, असें वाटलें. वही घरांत सर्वांनीं वाचली, डोळे पुसले. आत्या तेवढी गप्प होती. तार आली तेव्हां ती आठ वर्षांची होती. दोन दिवसांनीं भाजी निवडतां निवडतां म्हणाली, "अरे, आई तुळशीपाशीं गेलीच नाहीं. आम्ही पोरं पानावर बसलों होतों. काकांनीं दारांतच तिला हळू कांहीं सांगितलं. तिनं त्यांना हातानंच थांबवलं, आणि आम्ही उठेपर्यंत वाढत राहिली. मला ताक दोनदां वाढलं, एवढंच."

तेव्हांपासून आठवणींच्या लेखांत लांबलचक भाषण आलें, कीं आम्ही समासांत 'हें कोणीं ऐकलें?' असें लिहून लेख परत पाठवितों. कित्येकांना राग येतो. पण कित्येकदां त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून जें पत्र येतें तें मूळ लेखाहून सरस असतें. कोणी म्हातारी आठवण देते, कोठें जुनें पत्र सांपडतें. आणि जेथें कांहींच हातीं लागत नाहीं तेथें 'असें घरांत सांगत' एवढे शब्द घालून लेखक सुटतो. त्यानें लेखाचें तेज कमी झाल्याचें आम्हीं तरी पाहिलें नाहीं.

वहींतला तो मजकूर आम्हीं एका रेघेनें खोडला आणि शेजारीं आत्याच्या नांवानिशीं तिचें सांगणें लिहून ठेवलें. आत्या आतां नाहीं. गेल्या श्रावणांत घरांतल्या एका नातवानें पाहुण्यांपुढें तुळशीवृंदावनाचीच गोष्ट सांगितली, आणि मिठी कशी मारली तेंहि करून दाखविलें.