गंज झाकू नका, कापा!

'अगं, त्या डबड्यावर आणखी किती खर्च करायचा?' हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल, त्याची गणतीच नाही. डबडं म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, सासऱ्यांनी १९८६ साली हौसेनं घेतलेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हा सगळे हळहळले. आमच्या दारातल्या पद्मिनीसाठी मात्र भंगारवाला दोनदा चौकशी करून गेला!

आम्ही चिपळूणचे. जुलै २०२१ च्या पुरात गाडी काचेपर्यंत पाण्यात होती. इंजिन खोलून साफ केलं, ते सुरूही झालं. पण बॉडीच्या पोकळ भागांत चिखल बसला तो बसलाच. गॅरेजवाल्यानं 'नवीकोरी करून देतो' म्हणत गंज वरवर घासला, लांबी भरली, रंग मारला. लांबी म्हणजे रंगाआधी भरतात ती पुट्टी. आठ हजार मोजले. गाडी अशी चकाचक दिसत होती की मीच शेजारणींना बोलावून दाखवली.

दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड आले. आणि एक दिवस मागच्या सीटवर बसताना सासूबाईंचा पाय मॅटसकट खाली गेला. गाडी दारात उभी होती म्हणून खरचटण्यावर निभावलं. महामार्गावर असती तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

मैत्रिणींनो, दोष त्या गॅरेजवाल्याचा होता, तसा आमचाही होता. आम्हाला स्वस्तात चकाकी हवी होती. पुट्टीला ताकद नसते, ती फक्त खड्डा भरते. खाली ओल आणि हवा मिळत राहिली की लोखंड गंजतच राहतं. गंज मूळ पत्र्यापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. फोड दिसला, म्हणजे आत बरंच काही झालेलं असतं. त्यात या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. खालचा तळ, दारांखालचे पोकळ पट्टे आणि खांब हाच तिचा सांगाडा. तो सडला की नुसतं रूप नाही, गाडीचा आधारच जातो.

दुसऱ्या मेस्त्रींकडे मी स्वतः गेले. 'वहिनी, साहेबांना पाठवा,' असं आधी झालंच. पण मी स्टूल घेऊन बसले. बरं झालं बसले! त्यांनी सीट, मॅट, पेट्रोलची टाकी सगळं बाहेर काढलं. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते, हे मला तिथंच कळलं. बॅटरीची वायर सोडवली. मग स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून टोचून पत्रा तपासला. हाताएवढं वाटलेलं भोक परातीएवढं निघालं.

विरलेल्या कापडाला ठिगळ लावलं तर टाका धरत नाही, कडेचा चांगला भाग गाठावा लागतो. पत्र्याचंही तेच. चकचकीत लोखंड लागेपर्यंत त्यांनी कापलं. दाराखालचा पट्टा कापण्याआधी बॉडीला आतून आडवे आधार दिले, नाहीतर ती खचते आणि दारं लागत नाहीत. तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा बेतला आणि सीओटू वेल्डिंगनं आधी लांब लांब टाके घातले. एक इथं, एक तिथं, मध्ये गार होऊ देत. सलग वेल्डिंग केलं की पातळ पत्रा उष्णतेनं वाकडा होतो. मग जोड घासले, प्रायमर दिला, सांधे सीलरनं बंद केले, पोकळीत गंजरोधक मेण फवारलं. पुट्टी शेवटी लागलीच, पण नखाएवढी.

खर्च पुट्टीच्या चौपट झाला. प्रत्येक गाडी वाचवावी, असं मी म्हणणार नाही. खांबांपर्यंत सगळंच सडलं असेल तर हात जोडून निरोप द्यावा. पण वाचवायची ठरवली तर नीट वाचवावी. रंगाखाली धोका झाकून त्यात आपली माणसं बसवायची, याला काटकसर म्हणत नाहीत.

आणि 'बायकांना त्यातलं काय कळतं' हे मनातून काढून टाका. डब्याच्या बुडाचा गंज आपण रोज ओळखतो. गॅरेजमध्ये एवढंच विचारा : सडका पत्रा कापणार का? आतून काय लावणार? रंगाआधी मला दाखवणार का? तिसऱ्या प्रश्नाला जो कां-कूं करेल, तिथून गाडी परत आणा. हो, वेल्डिंगच्या ठिणगीकडे मात्र उघड्या डोळ्यांनी बघू नका, पोरांनाही लांब ठेवा.

परवा सासूबाई मागे बसल्या. आधी पायानं तळ दोनदा ठोकून पाहिला, मग म्हणाल्या, 'चल गं आता.' दारांखालून पाणी जायची भोकं आता मीच दर पावसाळ्याआधी साफ करणार आहे. तुमच्या दारातल्या गाडीची मॅट शेवटची कधी उचलून पाहिलीत?