दिलगिरी करता येते, पस्तावा व्हावा लागतो

पुढारी तोंडाला येईल ते बोलतो, व्हिडिओ फिरतो आणि दुसऱ्या दिवशी ठरलेलं वाक्य येतं, "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो." त्यातला 'तर' बघा. तुम्ही दुखावलाच नसाल तर साहेब मोकळे!

शब्दाचा दोष नाही. 'दिलगीर' फारसीतून आलेला. दिल म्हणजे काळीज, गीर म्हणजे धरणारा. काळीज धरलं गेलेला, खिन्न झालेला माणूस तो दिलगीर. एवढा जड शब्द आपण पत्रकाच्या शेवटच्या ओळीत नेऊन टाकला.

आमच्या नांदूरघाटात पारावर बसून कुणी दिलगिरी व्यक्त करत नाही. बांध कोरला, भावकीत नको ते बोललं, तर मागून 'पस्तावा होतो'. पश्चात्तापच तो. (त्यात त दोनदा आहे, एकच लिहू नका.) पश्चात् म्हणजे मागाहून आणि ताप म्हणजे ताप! पश्चात्ताप मला होतो, खंत मला वाटते, दिलगिरी मात्र मी व्यक्त करतो. पहिल्या दोन्ही गोष्टी माणसावर येऊन पडतात, तिसरी सवडीनं करता येते. आणि पस्तावा खरा का खोटा, हे कोरलेला बांध परत सरकवला का, ह्यावर गाव ठरवतं.

२०१३ च्या दुष्काळात धरणाबद्दल बोलून गेल्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवारांनी माफी मागितली आणि कराडला प्रीतिसंगमावर दिवसभर आत्मक्लेश केला. कुणी नाटक म्हणालं. मला तरी वाटतं, निदान अंगाला काही लावून घेतलं. पण त्यानं टँकर वाढले नाहीत, हेही खरंच.

एप्रिल २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे म्हणाले, कर्जमाफीच्या पैशातून शेतकरी साखरपुडे, लग्नं करतात. मग मस्करीत बोललो, मान दुखावला असेल तर दिलगिरी. इथंही 'तर' आलाच.

आता 'कर्जमाफी' हाच शब्द घ्या. माफी गुन्हेगाराला असते. पाऊस गेला, सोयाबीनला भाव नाही, ह्यात शेतकऱ्याचा गुन्हा कोणता? सरकारनं २०१९ च्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' लिहिलं, तरी भाषणात, बातमीत आणि आपल्याही तोंडात माफीच राहिली. चुकणाऱ्यांनी दिलगिरी व्यक्त करायची आणि माफी आपण घ्यायची, हे उलटं झालंय. ग्रामसभेच्या पुढच्या ठरावात तरी कर्जमुक्ती लिहा. ग्रामसेवकानं विचारलं, तर त्याला हा फरक सांगा.