मतदान एका दिवसाचं, शाळा बंद तीन दिवस. पालकांनी विचारायचं कुणाला?

पवनी : विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबर 2024 ला झालं, 23 तारखेला निकालही लागला. कोण आला, कोण पडला याची चर्चा तेव्हा पानटपरीवर थांबत नव्हती. पण मतदानाच्या आधी पालकांच्या मोबाइलवर जो गोंधळ झाला, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

‘18, 19 आणि 20 तारखेला राज्यातल्या सगळ्या शाळा बंद’ असा निरोप व्हॉट्सअॅपवर फिरला. नंतर शिक्षण आयुक्तांना खुलासा करावा लागला की सरसकट सुट्टी नाही. ज्या शाळेतले सगळेच शिक्षक निवडणुकीच्या कामावर आहेत, तिथेच 18 आणि 19 ला मुख्याध्यापकांनी सुट्टीचा निर्णय घ्यायचा. बाकी शाळा नेहमीप्रमाणे भरवायच्या. 20 ला मतदानाची सुट्टी होतीच.

कागदावर हा खुलासा सरळ आहे. शहरातल्या वीस-पंचवीस शिक्षकांच्या शाळेत दहा जण ड्युटीवर गेले तरी शाळा भरते. खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा दोन शिक्षकी असते. दोघांचेही आदेश निघाले की कुलूपच लागतं. म्हणजे ‘सरसकट सुट्टी नाही’ म्हटलं तरी सुट्टीचा भार पडतो तो लहान गावावरच.

आता तारखा मोजून पाहा. 15 नोव्हेंबर, शुक्रवार, गुरुनानक जयंतीची सुट्टी. 17 ला रविवार. 18 आणि 19 ला शिक्षक कामावर. 20 ला मतदान. दोन शिक्षकी शाळेतले दोघेही ड्युटीवर असतील, तर सहा दिवसांत शाळेचा दिवस उरतो फक्त शनिवारचा.

दिवसही कसले, तर धानाच्या हंगामाचे. कापणी, बांधणी, चुरणं अशी कामं अंगावर असतात. आई-बाप सकाळीच वावरात जातात. शाळा बंद म्हणजे पोरगं एकतर बांधावर, नाहीतर घरी धाकट्याला सांभाळत. शाळेतली खिचडीही त्या दिवशी नाही. मजुराच्या घरी हा हिशेब छोटा नसतो.

मग मतदान शाळेतच का? त्याला कारणं आहेत. केंद्र मतदाराच्या घरापासून साधारण दोन किलोमीटरच्या आत असावं, तळमजल्यावर असावं, रॅम्प, पाणी, वीज, संडास असावा, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. देऊळ, दवाखाना, पोलीस ठाणं चालत नाही. खेड्यात या सगळ्यात बसणारी सरकारी इमारत एकच, शाळा. म्हाताऱ्या माणसालाही तिचा रस्ता ठाऊक असतो. निवडणुकीसाठी जागा ताब्यात घेण्याचा अधिकार लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 160 मध्ये आहे. त्यामुळे ‘आमची शाळा देत नाही’ म्हणून भागत नाही, आणि तसं म्हणण्याची गरजही नाही. मतदानाच्या दिवशी सुट्टी असतेच, आणि आदल्या दिवशी एक-दोन खोल्या दिल्याने शिकवणं बंद पडत नाही. झाडाखाली, व्हरांड्यात वर्ग भरतो. गुरुजीच नसले तर कुठेच भरत नाही.

म्हणजे खरा प्रश्न इमारतीचा नाही, माणसांचा आहे. या निवडणुकीत राज्यात 1,00,186 मतदान केंद्रं होती. एका केंद्रावर केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी धरले तरी चार लाखांवर माणसं लागतात. एवढा सरकारी नोकरवर्ग गावोगाव पसरलेला आहे तो शिक्षकांचाच. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 27 ने शिक्षकांना इतर कामं लावायला मनाई केली, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन कामं सोडून. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सेंट मेरीज स्कूलच्या प्रकरणात सांगितलं की शिक्षकांना निवडणुकीचं काम शक्यतो सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावं. कायदा काम लावू देतो, पण कोर्ट म्हणतं पोरांच्या वेळेला हात लावू नका. या दोन्हींच्या मधे अडकते ती लहान शाळा.

निवडणुकाही एक-दोन नाहीत. लोकसभेसाठी 19 एप्रिल 2024 ला भंडारा-गोंदियात मतदान झालं, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. सात महिन्यांत विधानसभा. जिल्हा परिषदेच्या मागच्या निवडणुकीत तर ओबीसी आरक्षणाच्या घोळामुळे 21 डिसेंबर 2021 आणि 18 जानेवारी 2022 असं दोनदा मतदान घ्यावं लागलं. याउलट 2018 ची लोकसभा पोटनिवडणूक 28 मे ला झाली. मतदान यंत्रं बिघडली, 30 मे ला 49 केंद्रांवर फेरमतदान झालं. उन्हाने लोक हैराण झाले, पण शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असल्याने पोरांचा एक तासही बुडाला नाही. तारीख कोणती पडते यावर किती अवलंबून आहे, हे यावरून समजतं.

कुणी म्हणेल, दोन दिवसांनी काय होतं? शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास ठरवून दिले आहेत. नुसते दोन दिवस त्यात खपून जातील. पण त्याआधीची प्रशिक्षणं, बीएलओची मतदार यादीची कामं, सर्वेक्षणं हे सगळं जोडलं की आकडा वाढतो. शिवाय शहरातल्या पोराला शाळा बंद असली तर शिकवणी आहे. खेड्यातल्या पोराला शाळेशिवाय दुसरं काही नाही.

उपाय फार मोठे नाहीत. कर्मचाऱ्यांची यादी तहसील कार्यालयात जाते, तेव्हाच दोन शिक्षकी शाळेतून एकाचंच नाव घ्यावं. संगणकावरची सरमिसळ त्यानंतर होऊ द्यावी. माणसं कमी पडली तर शिक्षक जास्त असलेल्या मोठ्या शाळांतून आणि इतर खात्यांतून घ्यावीत. बुडालेले तास कोणत्या शनिवारी भरून काढणार, हे मुख्याध्यापकांनी फळ्यावर लिहावं.

आणि पालकांच्याही हातात एक गोष्ट आहे. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालकच असतात. समितीच्या पुढच्या बैठकीत एवढे तीन प्रश्न विचारून इतिवृत्तात लिहून घ्यावेत : यंदा निवडणुकीच्या कामासाठी आपली शाळा किती दिवस बंद राहिली? ते तास कधी भरून निघणार? आणि पुढच्या वेळी एक तरी शिक्षक शाळेत राहावा, असं पत्र आपण तहसीलदारांना कधी देणार? आदेश निघाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. पत्र यादी तयार होण्याआधी पोहोचलं पाहिजे.