ठोकलेली मेख आणि अडकवलेला खडा

१/
१९७२ साली अमेरिकेतील प्रस्तरारोहकांच्या हाती एक विक्रीसूची पडली. ती काढणारी शुइनार्ड इक्विपमेंट ही गिर्यारोहणाची धातूची साधने पुरवणारी देशातील सर्वांत मोठी कंपनी. तिच्या धंद्याचा सुमारे ७० टक्के भाग पोलादी मेखांवर, म्हणजेच पिटॉनवर उभा होता. आणि त्याच सूचीच्या आरंभी मालकांनी लिहिले होते, की पिटॉनमुळे कड्यांची हानी होत आहे. त्यांचा वापर आवरायला हवा.

आपल्याच मालाविरुद्ध उभ्या राहिलेल्या व्यापाऱ्याची गोष्ट म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी अधिक शिकवणारी आहे.

२/
पिटॉन म्हणजे खडकाच्या फटीत हातोड्याने ठोकायची धातूची मेख. तिच्या डोक्याशी नेढे असते. नेढ्यात कॅराबिनर अडकवायचा आणि त्यातून दोर ओवायचा. आरोहक निसटला, तर दोर त्या मेखेवर तोलला जातो. ‘कॅराबिनर’ हा शब्दही मूळचा पर्वतातला नव्हे. घोडेस्वार आपली कार्बाइन बंदूक ज्या आकड्याला अडकवत, त्याच्या जर्मन नावावरून तो आला. १९१० च्या सुमारास म्युनिकच्या ओटो हर्झोग याने ही कडी कड्यावर वापरात आणली.

३/
साधन आले आणि पाठोपाठ वादही आला. १९११ मध्ये ऑस्ट्रियाच्या पाउल प्रॉइस याने मांडले, की पिटॉन हा संकटातला आधार आहे. चढाईचा पाया नव्हे. त्याच वर्षी डोलोमाइट्समधील कँपानिले बासो सुळक्याची पूर्व भिंत तो एकटा, दोराविना चढला होता. टीटा पियाझसारख्या वाटाड्यांना ते तत्त्व मान्य नव्हते. जीव वाचवणारे साधन नाकारण्यात त्यांना शहाणपण दिसत नव्हते. १९१३ मध्ये एकट्याने चढताना प्रॉइस कोसळला. वय अवघे २७.

या वादाच्या केंद्रस्थानी माणूस होता: त्याचे धैर्य, त्याची सचोटी, त्याचा जीव. कड्याची बाजू मांडली जायला अजून अवकाश होता.

४/
आल्प्समधील पिटॉन मऊ लोखंडाचे असत. फटीच्या आकाराप्रमाणे ते वाकत, घट्ट बसत आणि बहुधा तिथेच राहत. कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या खोऱ्यात हे गणित कोलमडले. एल कॅपिटनची ग्रॅनाइटची भिंत सुमारे ९०० मीटर उंच. तिच्यावर ठोकून मागे सोडायला पुरतील इतक्या मेखा कोण वाहून नेणार?

उत्तर शोधले जॉन सालाथे या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या लोहाराने. १९४० च्या दशकात त्याने कठीण मिश्रपोलादाचे पिटॉन घडवले. ते ठोकावे, उपटावे आणि पुन्हा ठोकावे. १९४७ मध्ये लॉस्ट ॲरो सुळक्याची त्याची पाच दिवसांची चढाई याच मेखांवर झाली.

५/
साधनांची टंचाई किती होती, याची साक्ष एक स्थळनाम आजही देते. एल कॅपिटनवरील ‘नोज’ हा मार्ग वॉरन हार्डिंग आणि त्याच्या साथीदारांनी १९५८ मध्ये पूर्ण केला. सुमारे १८ महिन्यांत विखुरलेले ४५ दिवस त्यांनी भिंतीवर काढले. रुंद फटींत बसेल एवढी मेख मिळेना, तेव्हा भंगारातल्या शेगड्यांचे पाय त्यांनी ठोकले. त्या फटींना ‘स्टोव्हलेग क्रॅक्स’ हेच नाव कायमचे चिकटले.

६/
इव्हॉन शुइनार्ड याने १९५७ मध्ये जुनी कोळशाची भट्टी विकत घेतली आणि लोहारकाम स्वतःच शिकून क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे पिटॉन घडवायला आरंभ केला. तासाला दोन नग, नगाला दीड डॉलर. पुढे टॉम फ्रॉस्ट भागीदार झाला. या जोडीच्या एका पिटॉनचा आकार टपाल तिकिटाएवढा होता. त्याचे नाव मात्र ‘रिअलाइज्ड अल्टिमेट रिॲलिटी पिटॉन’, म्हणजे परमसत्याचा साक्षात्कार झालेली मेख! आरोहक त्याला आद्याक्षरांवरून ‘रर्प’ म्हणत.

७/
इथेच या इतिहासातला पेच आहे. कठीण पिटॉन मागे काहीच ठेवत नाही, म्हणून तो मऊ पिटॉनपेक्षा स्वच्छ वाटला. परंतु तो काढण्यासाठी त्याच्यावर दोन्ही बाजूंनी घाव घालावे लागत. प्रत्येक तुकडी तेच करी. फटीच्या कडा ढासळत, भोके रुंदावत आणि पुढच्या तुकडीला अधिक जाड मेख लागे. मऊ लोखंड खडकापुढे नमत असे; कठीण पोलादापुढे खडक नमू लागला. नुकसान साधनाच्या उणिवेतून झाले नाही. ते त्याच्या सद्गुणातूनच झाले.

८/
उपाय ब्रिटनमध्ये आधीच रुजला होता. तिथले कडे तुलनेने लहान आणि पिटॉनविषयी नापसंती तीव्र. तिथले आरोहक फटीत खडा अडकवत आणि त्याभोवती दोरीचा फास घालत. १९५० च्या दशकात वेल्समधील क्लॉगविन कड्याकडे रेल्वेमार्गाच्या कडेने जाताना काहींनी पडलेले नट उचलले, आतले आटे घासून काढले आणि त्यांत दोरी ओवली. खड्याची जागा नटाने घेतली. १९६१ मध्ये जॉन ब्रेल्सफर्ड याने खास चढाईसाठी घडवलेला ‘एकॉर्न’ आला. नट ठोकावा लागत नाही. फट जिथे निमुळती होते, तिथे तो बोटांनी बसवायचा आणि काम झाले की बोटांनीच सोडवायचा.

९/
योसेमिटीचा अग्रगण्य आरोहक रॉयल रॉबिन्स १९६६ मध्ये ब्रिटनला जाऊन हे पाहून आला. १९६७ मध्ये पत्नी लिझ हिच्यासह त्याने योसेमिटीत केवळ नटांच्या आधारे एक नवा मार्ग चढला आणि त्याला ‘नटक्रॅकर’ असे नाव दिले. दाखला समोर होता. तरी हातोडा सुटला नाही.

१०/
तो सुटला १९७२ नंतर. त्या सूचीत डग रॉबिन्सन याचा १४ पानी निबंध होता. त्यात नट कसे बसवावेत हे होते आणि का बसवावेत हेही होते. सोबत शुइनार्ड व फ्रॉस्ट यांचे ॲल्युमिनियमचे ‘स्टॉपर’ आणि ‘हेक्सेंट्रिक’ विक्रीला होते. काही महिन्यांतच पिटॉनचा धंदा ओसरला आणि नव्या साधनांची मागणी पुरवता येईना.

मग याला त्याग म्हणावे का? व्यापाऱ्याने एक माल बंद करताना दुसरा पुढे केला, हे नाकारण्याचे कारण नाही. किंबहुना यश त्यातच आहे. प्रॉइसकडे तत्त्व होते, पर्याय नव्हता. ब्रिटिशांकडे पर्याय होता, पण तो दूरच्या लहान कड्यांवरचा. १९७२ मध्ये तत्त्व, साधन आणि बाजारपेठ एकाच कागदावर आली. नुसता उपदेश सवय मोडत नाही; हाती दुसरे काही द्यावे लागते.

११/
प्रत्यंतर लगेच आले. १९७३ मध्ये रॉबिन्सन, गेलन रॉवेल आणि डेनिस हेनेक हे हाफ डोमची वायव्य भिंत हातोड्याविना चढले. १९७४ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने ती चढाई जगापुढे नेली.

१२/
पुढचे पाऊल रे जार्डिनचे. समांतर फटीत नट टिकत नाही. त्यासाठी त्याने स्प्रिंगवर उघडमिट करणाऱ्या पात्यांचे ‘फ्रेंड’ घडवले. पात्याची वक्रता लॉगरिदमिक सर्पिलाची. त्यामुळे फट कितीही रुंद असो, खडकाशी होणारा कोन तोच राहतो. १९७८ पासून ते बाजारात आले. हातोडा आता जवळजवळ निरुपयोगी झाला.

आणि याच जार्डिनने पुढे ‘नोज’वर एका आडव्या टप्प्यात छिन्नीने खोबणी खोदल्या! ज्या हाताने कड्याला न दुखावणारे साधन घडवले, त्याच हाताने कडा कोरला. साधन बदलले म्हणजे वृत्ती बदलली असे होत नाही.

१३/
आक्षेप दोन आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा, की जखमाही उपयोगी पडल्या: योसेमिटीतील ‘सेरेनिटी क्रॅक’ आज पिटॉनच्या जुन्या भोकांत बोटे घालूनच चढली जाते. दुसरा असा, की प्रत्येक खडक ग्रॅनाइट नसतो. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये तशा सलग फटी सहसा मिळत नाहीत. तिथे पिटॉन व बोल्ट यांना पूर्ण निरोप देता येत नाही. तिथे जीव वाचवणाऱ्या मेखेला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

पण म्हणूनच प्रत्येक घाव विचारपूर्वक पडला पाहिजे. दुर्गाच्या कड्यावर तर खोदीव पायऱ्या आणि खोबण्या हाच मुळात इतिहासाचा लेख असतो. त्याशेजारी पाडलेले भोकही त्या लेखात कायमची भर घालते.

१४/
साधनांचा इतिहास बहुधा बळकटीचा इतिहास म्हणून लिहिला जातो: अधिक कठीण पोलाद, अधिक चिवट दोर. प्रस्तरारोहणात मात्र निर्णायक ठरली ती फटीत अडकवलेल्या खड्याची साधी युक्ती. आरोहकाचा भार पेलणे हे साधनाचे अर्धे काम. मागून येणाऱ्याला कडा तसाच सोपवणे, हे उरलेले अर्धे.