आधी पाती मोजा

निवडणुका जवळ आल्या की कराडच्या आकाशात घरघर वाढते. पोरं गच्चीवर धावतात, मोबाईल उंचावतात आणि खाली येऊन अम्मीला एक काळा ठिपका दाखवतात. माझ्या आठवीच्या वर्गातला एक मुलगा मात्र वही घेऊन धावतो. तारीख, वेळ, कुठून आलं, कुठे गेलं, पाती किती. अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत. दोन्ही विषय मीच शिकवते, म्हणून शुद्धलेखनाबद्दल गप्प बसते.

परवा त्याच्या अम्मी शाळेत आल्या. "मॅडम, त्याला हे सोडायला सांगा. हेलिकॉप्टरचे फोटो काढतो. उद्या कुणी भलतंच समजलं तर? आपली नावं..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. गरजही नव्हती.

या काळजीला हसू नये. पण मुलगा करतो काय, हे आधी बघायला हवं.

हेलिकॉप्टर रंगावरून ओळखायचं नसतं. रंग कुणीही बदलतो. वरच्या पंख्याची पाती मोजायची, मग शेपटी बघायची, मग पाय. हवाई दलाचं चेतक तीन पात्यांचं, आपल्या देशात बनलेलं ध्रुव चार पात्यांचं, मोठं रशियन एमआय-17 पाच पात्यांचं. चिनूकला तर पुढे-मागे दोन मोठे पंखे. पुढाऱ्यांना आणि हल्ली नवरदेवांना आणणारी छोटी हेलिकॉप्टरं बरेचदा चाकांऐवजी दोन आडव्या नळ्यांवर टेकतात. काहींच्या शेपटीचा पंखा गोल भोकात बसवलेला असतो. खासगी असेल तर अंगावर 'व्हीटी' आणि पुढे तीन अक्षरं. ही खूण इंग्रजांच्या काळापासूनची. 'व्हाइसरॉयचा मुलूख' असा तिचा अर्थ सांगतात, पण तो मागाहून चिकटवलेला. ती आली रेडिओ-संकेतांच्या वाटपातून.

चेतक मूळचं फ्रेंच. साठच्या दशकात बंगळूरच्या एचएएलने ते परवान्यावर बनवायला घेतलं. 1962 ते 1966 देशाचे संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, ज्यांचं 'विरंगुळा' आपल्याच गावात आहे. आणि वारुंजीची धावपट्टी पन्नासच्या दशकात बांधली गेली ती कोयना धरणाच्या कामासाठी. एवढा इतिहास मुलाने पाती मोजता मोजता गोळा केला. माझ्या तासाला तो इतका जागा नसतो.

फोटोचंही एक शास्त्र आहे. कॅमेऱ्याचा वेग फार ठेवला तर पाती गोठतात आणि हेलिकॉप्टर आता पडणार असं वाटतं. सेकंदाचा दोनशेवा-अडीचशेवा भाग ठेवला की पाती फिरताना दिसतात. हात मात्र स्थिर हवा. मोबाईलमध्ये पाती केळ्यासारखी वाकडी येतात, कारण तो चित्र एकदम न घेता ओळीओळीने घेतो. आकाश उजळ असल्याने अंग काळं पडतं. पडद्यावर हेलिकॉप्टरवर बोट ठेवून उजेड थोडा वाढवावा.

आता अम्मींचा प्रश्न. लष्करी तळाचे फोटो काढायला मनाई आहे, आणि ती सगळ्यांनाच आहे. 1923 चा गोपनीयतेचा कायदा आजही लागू आहे. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, तिथे कॅमेरा बंद म्हणजे बंद. धावपट्टीच्या कुंपणाशी घुटमळायचं नाही, ड्रोन उडवायचा नाही. हेलिपॅडवर बंदोबस्ताच्या पोलिसाला आधी सलाम, मग सवाल: "साहेब, इथून फोटो काढू का?" नाही म्हणाले तर मुकाट्याने माघारी. बंदोबस्त चालू असताना फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, घरी येऊन टाकावा. आणि सोबत घरचं मोठं माणूस हवंच.

लपून मात्र काढू नये. कॅमेरा पिशवीत दडवणाऱ्या मुलाकडेच लोक वळून बघतात, त्याचं नाव काहीही असो. आपल्या मुलांकडे जरा जास्त बघतात, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच वही उघडी असावी, कुणीही वाचावी. या मुलाची वही मी वर्गात फिरवली. मागच्या बाकावरच्या दोघांनी त्यातली एक चूक काढली: चारऐवजी पाच पाती.

अम्मींनी वही घरी नेऊन वाचली. रविवारी मामू त्याच्यासोबत जाणार आहेत. मगरिबच्या आत घरी, एवढीच अट.